मलेरियाच्या रिपोर्टात ‘गॅमेटोसाइट दिसले’ असं लिहिलंय, म्हणजे नक्की काय?

झुळूक | ११ ऑगस्ट, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते पण आज डोक्यात एकच गोष्ट फिरतीये म्हणून धागा काढला.

मुलगा (वय २३) मुंबईला नोकरीला आहे, गेल्या आठवड्यात घरी आला तोच कणकण घेऊन. रात्री हुडहुडी भरली, दोन गोधड्या आणि वर रजई टाकली तरी दात वाजत होते, मग दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला. दुसऱ्या दिवशी एकदम ठणठणीत, मिसळ खायला जाऊया म्हणाला, मला वाटलं प्रवासाचा शीण असेल, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत तेच. डॉक्टरांनी लगेच रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट: प्लास्मोडियम वायव्हॅक्स, ट्रोफोझोइट व गॅमेटोसाइट दिसले. क्लोरोक्विन ३ दिवस दिलंय आणि जी-सिक्स-पीडीची (तांबड्या पेशी जपणारं एक विकर) तपासणी नॉर्मल आल्यावर प्रीमॅक्विन १४ दिवस.

क्लोरोक्विन संपलं, ताप गेला. पण ते गॅमेटोसाइट म्हणजे काय ते कुणी धड सांगत नाहीये. नेटवर बघितलं तर नर आणि मादी जंतू असं काहीतरी आलं, ते वाचून अजूनच घाबरले. घरात सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, खोली शेजारीच. त्यांना लागण होईल का? ताट-वाटी वेगळी ठेवावी का? आणि ताप गेलाय तर अजून १४ दिवस गोळ्या कशाला, पोट बिघडतंय त्याचं. आमच्या शेजारच्या प्लॉटवर बिल्डिंगचं काम चालू आहे, लिफ्टच्या खड्ड्यात महिनाभर पाणी साचलंय, त्याचीही भीती वाटते.

नळस्टॉप | ११ ऑगस्ट, रात्री १०:५२

ताई काळजी नका करू, वायव्हॅक्स लवकर निदान झालं की बरा होतो. औषधाचा कोर्स मात्र पूर्ण करा, मधे सोडू नका.

अबोली | ११ ऑगस्ट, रात्री ११:१५

ताट-वाटी, टॉवेल सगळं वेगळं ठेवा हो, म्हाताऱ्या माणसाची प्रतिकारशक्ती कमी असते. आणि पपईच्या पानांचा रस द्या, माझ्या भावाला खूप फरक पडला होता.

रातराणी | ११ ऑगस्ट, रात्री ११:२३

अबोली, तुझ्या भावाला डेंगू झाला होता ना? तुझाच धागा होता तेव्हा. पपईचं प्रकरण डेंगूच्या प्लेटलेटवरून निघालं, मलेरियाशी त्याचा संबंध नाही. आणि मलेरिया ताटा-वाटीतून, खोकल्यातून, शेजारी झोपल्याने पसरत नाही. मधे डास लागतोच.

अबोली | ११ ऑगस्ट, रात्री ११:३१

अरे हो की, डेंगूच होता. माझं चुकलं झुळूकताई, पपई राहू द्या.

स्लाईडवाले_काका | १२ ऑगस्ट, सकाळी ६:५०

झुळूकताई, तुमचा प्रश्न वाचला आणि चहा बाजूला ठेवून लिहायला बसलो. माझी सगळी नोकरी हिवताप विभागात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून गेली. जेएसबी रंगात बुडवलेल्या किती स्लाईड बघितल्या त्याला मोजदाद नाही. जेएसबी म्हणजे जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी, आपल्याच लोकांनी तयार केलेला रंग, स्वस्त आणि झटपट, खेड्यापाड्यातल्या लॅबमध्ये तोच.

आता तुमच्या रिपोर्टाबद्दल. मलेरियाच्या परजीवीची माणसाच्या रक्तात दोन कामं चालतात. पहिलं काम म्हणजे संख्या वाढवणं. तांबड्या पेशीत शिरायचं, आतलं हिमोग्लोबिन खाऊन मोठं व्हायचं, एकाचे दहा-वीस तुकडे करायचे, पेशी फोडून बाहेर यायचं आणि नव्या पेशीत शिरायचं. यात नर-मादी काही नाही, एकाचे अनेक होतात एवढंच. वायव्हॅक्समध्ये ही फेरी साधारण ४८ तासांची. पेशी एकदम फुटतात तेव्हा हुडहुडी भरते. म्हणून तुमच्या मुलाला एक दिवस सोडून ताप आला. आपली जुनी माणसं याला तिजारा म्हणायची ते यामुळेच, पहिला दिवस धरून तिसऱ्या दिवशी येणारा. ट्रोफोझोइट म्हणजे ही खाऊन मोठी होणारी अवस्था.

दुसरं काम म्हणजे या शरीरातून बाहेर पडायची तयारी. वाढणाऱ्यांपैकी थोडे परजीवी पेशी फोडायचा नाद सोडून देतात आणि नर किंवा मादी होतात. ते गॅमेटोसाइट. ते माणसाला ताप आणत नाहीत, त्यांची संख्याही रक्तात वाढत नाही, नुसते फिरत राहतात आणि डासाने उचललं नाही तर काही दिवसांनी मरून जातात. ते डासासाठीच असतात. माणसाच्या रक्तात त्यांना पुढची वाटच नाही.

म्हणजे रिपोर्टातली ती ओळ मुलाचा आजार जास्त असल्याचं सांगत नाही. रक्त काढलं त्या दिवशी त्याला ॲनॉफिलीसची, म्हणजे मलेरिया पसरवणाऱ्या डासाची, मादी चावली असती तर ती जंतू घेऊन जाऊ शकली असती, एवढं ती सांगते. सासूबाईंची काळजी आहे ना, मग मच्छरदाणी मुलाला लावा.

झुळूक | १२ ऑगस्ट, सकाळी ७:३५

काका, खूप खूप आभार. इतकं स्वच्छ कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही नेमकं उलटं केलं होतं, मच्छरदाणी सासूबाईंच्या पलंगाला लावली होती आणि मुलगा हॉलमध्ये फॅनखाली उघडा झोपत होता.

जीवशास्त्र_मॅडम | १२ ऑगस्ट, दुपारी १:१०

काकांचा प्रतिसाद उत्तम. डासाच्या पोटात पुढे काय होतं ते मी सांगते, कारण मी एका कॉलेजात शिकवते आणि हा माझा सगळ्यात आवडता तास असतो.

गॅमेटोसाइट रक्तात असतात तोवर गप्प असतात. ३७ अंशाच्या उबदार रक्तात काहीही करत नाहीत. डासाच्या मादीने रक्त ओढलं की एका क्षणात सगळं बदलतं: तापमान पाचएक अंशांनी खाली येतं, आम्लता बदलते आणि डासाच्या शरीरातलं झँथुरेनिक ॲसिड नावाचं रसायन भेटतं. हे रसायनच इशारा देतं, हे १९९८ मध्ये कळलं. मग आतला नर जागा होतो. आपल्या डीएनएच्या तो ३ वेळा दुपटी करतो, म्हणजे १ चे २, २ चे ४, ४ चे ८, आणि १०-१५ मिनिटांत आठ शेपटीवाले शुक्राणूसारखे धागे चाबकासारखे फटकारत बाहेर पडतात. आठही! एवढ्या वेळात आपला कुकरही थंड होत नाही. मादीचं मात्र एकच बीज होतं, ती फक्त तांबड्या पेशीचं कवच टाकून बाहेर येते आणि थांबते.

नराचा एक धागा मादीत शिरला की फलन झालं. या परजीवीच्या सबंध आयुष्यात गुणसूत्रांची जोडी असते ती फक्त या वेळी, बाकी सगळा काळ एकेरी. जीवशास्त्राच्या नियमाने लैंगिक प्रजनन जिथे होतं तो मुख्य यजमान. म्हणजे मलेरियाचा मुख्य यजमान डास आणि आपण मधले. हे वर्गात सांगितलं की मुलं दर वर्षी वाद घालतात.

टेकडीवाला | १२ ऑगस्ट, दुपारी २:०५

मॅडम, त्या मुलांच्या बाजूने मीही वाद घालतो. आजारी आम्ही पडायचं आणि मुख्य यजमान म्हणून मान डासाला? कार्यालयाचं भाडं आम्ही भरायचं आणि लग्न दुसऱ्याचं!

बाकी धागा वाचनखूण म्हणून साठवला आहे.

जीवशास्त्र_मॅडम | १२ ऑगस्ट, दुपारी २:२०

टेकडीवाला, हे उदाहरण उद्या वर्गात वापरते. लग्न खरंच तिथे लागतं.

शनिवारातला | १२ ऑगस्ट, संध्याकाळी ५:४८

हे सगळं शोधलं आपल्या भारतात, रोनाल्ड रॉसने. सिकंदराबादला २० ऑगस्ट १८९७. आठ दिवसांनी तीच तारीख येतीये, जागतिक डास दिन म्हणून पाळतात. जन्मही अल्मोड्याचा. १९०२ चं नोबेल मिळालं. अभिमानाची गोष्ट आहे.

पिंपळपान | १२ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

रॉसचं काम मोठं आहेच पण ‘हे सगळं’ त्याने शोधलं हे बरोबर नाही. परजीवी पहिल्यांदा दिसला तो लाव्हराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरला, अल्जीरियात, नोव्हेंबर १८८० मध्ये. आणि गंमत म्हणजे त्याचं लक्ष वेधलं ते मॅडम म्हणतात त्या चाबकासारख्या धाग्यांनीच. सैनिकाचं ताजं रक्त काचेवर घेतलं होतं, ते गार झालं आणि नर जागे झाले. त्यांना वाटलं असेल आपण डासाच्या पोटात आलो! पण ते धागे कशासाठी आहेत हे १७ वर्षं कुणाला कळलं नाही. १८९७ मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या मॅकॅलम नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने कावळ्याच्या रक्तातल्या मलेरियाच्या भाईबंद परजीवीत तो धागा दुसऱ्या पेशीत शिरताना डोळ्यांनी पाहिला, तेव्हा समजलं की हे फलन आहे.

त्याच वर्षी रॉसने सिकंदराबादला डासाच्या जठराच्या भिंतीवर गाठी पाहिल्या. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या मलेरियावर पूर्ण फेरी दाखवली, लाळग्रंथीपर्यंत. माणसाच्या मलेरियासाठी ॲनॉफिलीस हे इटलीच्या ग्रासी आणि मंडळींनी १८९८ मध्ये सिद्ध केलं, त्यावरून दोघांचं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही.

आणि अभिमान वाटायचाच तर मला हुसेन खानचाही वाटतो. रॉसचा रुग्ण. त्याने स्वतःला डास चावून घेतले, डासामागे एक आणा मिळाला. त्याच्या रक्तातले गॅमेटोसाइट त्या डासांत गेले म्हणून तर रॉसला पुढे गाठी दिसल्या.

शनिवारातला | १२ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१२

मान्य. ‘सगळं’ हा शब्द मागे घेतो. हुसेन खानचं माहीत नव्हतं, त्याबद्दल धन्यवाद.

अवांतर: आमच्या वाड्यात मोठा हौद होता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळ आणून शहरातले हौद भरायची सोय केली होती, आजोबा त्या पाण्याची चव अजून सांगायचे. लहानपणी हौदात गप्पी मासे सोडलेले आठवतात, आम्ही ओंजळीत धरायचो म्हणून ओरडा खायचो. आजीला दर पावसाळ्यात तिजारा यायचा, ती कोयनेलची गोळी गुळात गुंडाळून गिळायची तरी तोंड वाकडं व्हायचं.

मुठाकाठ | १२ ऑगस्ट, रात्री ९:०५

शनिवारातला, तुमचं अवांतर खरं तर विषयाला धरूनच आहे. शहरातला मलेरिया पसरवणारा मुख्य डास ॲनॉफिलीस स्टेफेन्सी, त्याला स्वच्छ साठवलेलं पाणी आवडतं. हौद, विहिरी, गच्चीवरच्या उघड्या टाक्या, बांधकामावर पाणी मारण्यासाठी साठवलेली पिंपं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विहिरी झाकायच्या मागे लागले होते ते याच डासामुळे. आता हाच डास आफ्रिकेत पोचलाय, २०१२ मध्ये जिबूतीत सापडला, तिथला मलेरिया आतापर्यंत मुख्यतः खेड्यातला होता म्हणून सगळे धास्तावलेत. गटाराच्या घाण पाण्यातला तो क्युलेक्स, त्याच्याने मलेरिया होत नाही. गटारावर धूर मारून लोक समाधान मानतात आणि वर टाकीचं झाकण उघडं असतं, याचा मला मनापासून राग येतो.

कट्टा_७ | १२ ऑगस्ट, रात्री ९:४४

एक शंका. समजा झुळूकताईंच्या मुलाला रात्री डास चावला आणि तोच डास लगेच आजींना चावला. झाली का लागण?

स्लाईडवाले_काका | १३ ऑगस्ट, सकाळी ६:४०

नाही. हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. इंजेक्शनच्या सुईसारखं डासाचं नसतं, तोंडाला लागलेलं रक्त दुसऱ्याला टोचलं असं होत नाही. मॅडमनी सांगितलेल्या फलनानंतर दिवसभरात त्या पेशीचा अळीसारखा सरपटणारा जीव होतो, तो जठराची भिंत भेदून पलीकडे जातो आणि बाहेरच्या बाजूला गाठ धरतो. रॉसला दिसली ती हीच गाठ. तिच्यात हजारो बारीक सुईसारखे जंतू तयार होतात, गाठ फुटते, ते डासाच्या अंगभर पसरतात आणि लाळग्रंथीत जाऊन बसतात. आपल्याकडच्या पावसाळी हवेत याला साधारण १० ते १२ दिवस लागतात. त्यानंतर ती मादी ज्याला चावेल त्याला लाळेतून जंतू जाणार, आणि ती जगेल तोवर.

आता बघा, डासाची मादी जगते किती? बहुतेक पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यातच मरतात. म्हणजे मलेरिया पसरवते ती म्हातारी मादी, तीन-चार वेळा रक्त पिऊन अंडी घातलेली. भिंतीवर फवारणी करायचो ती यासाठी. रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर विसावते, दर वेळी औषध अंगाला लागतं, १२ दिवस काढणं तिला कठीण होतं. सगळे डास मारायची गरज नसते, ते म्हातारे होऊ दिले नाहीत तरी साखळी तुटते. १९५३ ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत देशातले रुग्ण लाखाच्या आसपास उतरले होते. मग ढिलाई झाली, डासांना औषध पचायला लागलं आणि १९७६ ला आकडा ६४ लाखांवर गेला. मी नोकरीला लागलो तेव्हा साहेब लोक हा आकडा आम्हाला पाठ करायला लावायचे.

नळस्टॉप | १३ ऑगस्ट, सकाळी ९:२०

म्हणजे पुण्याच्या थंडीत मलेरिया होतच नाही म्हणा की. डिसेंबरात पारा १० च्या खाली जातो.

जीवशास्त्र_मॅडम | १३ ऑगस्ट, सकाळी ११:००

कमी होतो, बंद होत नाही. साधारण १६ अंशाखाली डासातली वाढ थंडावते, वायव्हॅक्स त्याहून थोडं खालचंही सोसतो. पण वेधशाळेचा पारा पहाटेचा असतो आणि डास बसलेला असतो तुमच्या कपाटामागे, तिथे ऊब असते. शिवाय वायव्हॅक्सकडे थंडी काढायची दुसरी युक्ती आहे, आणि झुळूकताईंच्या १४ गोळ्यांचं उत्तर त्यातच आहे.

कट्टा_७ | १३ ऑगस्ट, सकाळी ११:१८

१४ गोळ्या त्या गॅमेटोसाइटना मारायला ना? प्रीमॅक्विन गॅमेटोसाइट मारतं असं वाचलंय.

स्लाईडवाले_काका | १३ ऑगस्ट, दुपारी १२:३०

इथे बरेच डॉक्टरसुद्धा घाईत अर्धवट सांगतात, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रीमॅक्विन दोन वेगळ्या कामांसाठी देतात. फाल्सिपॅरम या दुसऱ्या प्रकारच्या मलेरियात एकच डोस असतो आणि तो गॅमेटोसाइटसाठी. मी गडचिरोलीला दोन वर्षं होतो, तिथे फाल्सिपॅरम भरपूर. त्याचे गॅमेटोसाइट बघायला फार देखणे, चंद्रकोरीसारखे, आमच्या बरोबरची एक ताई म्हणायची काका, टिकली दिसली. त्यांना पक्व व्हायला १०-१२ दिवस लागतात आणि तेवढा काळ ते मुख्यतः हाडांच्या मगजात दडून असतात. बाकीच्या औषधांनी तापाचे जंतू मरतात, रुग्ण उठून शेतावर जातो, पण पक्व चंद्रकोरी रक्तात पुढे दोन-तीन आठवडेही राहू शकतात. माणूस बरा आणि डासाला मात्र जेवण तयार. तो एक डोस रुग्णासाठी नसतोच, पाड्यातल्या बाकीच्यांसाठी असतो. हे समजावून सांगितलं की तिथली माणसं ती गोळी निमूट घ्यायची. मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

वायव्हॅक्सचं वेगळं. याचे गॅमेटोसाइट गोल, अख्खी पेशी भरून टाकणारे, आणि घाईचे. पहिल्या तापाच्या सुमारासच रक्तात असतात, कधी कधी रुग्ण दवाखान्यात यायच्या आधीच डासाने ते नेलेले असतात. पण ते क्लोरोक्विनने बऱ्यापैकी मरतात. म्हणजे ताई, तुमच्या मुलाच्या रक्तातले ते बहुतेक एव्हाना गेलेत.

मग १४ दिवस कशाला? लिव्हरसाठी. डास चावला की जंतू आधी लिव्हरमध्ये जातात. वायव्हॅक्सचे काही जंतू तिथेच झोपून राहतात, आठवडे, महिने. नंतर जागे होतात, परत ताप, परत नवे गॅमेटोसाइट, परत डास. मॅडम म्हणाल्या ती थंडी काढायची युक्ती हीच. डास नसले तर माणसाच्या लिव्हरमध्ये मुक्काम करायचा आणि पावसाळ्यात उठायचं. क्लोरोक्विन त्या झोपलेल्यांना हात लावत नाही, प्रीमॅक्विन लावतं.

पोट बिघडतं ते उपाशीपोटी घेतल्याने. जेवण झाल्यावर द्या. लघवी गडद, कोकाकोलासारखी झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर. जी-सिक्स-पीडी नॉर्मल आहे म्हणजे तांबड्या पेशी फुटायचा तो धोका फार कमी. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाला मात्र हे औषध देत नाहीत.

झुळूक | १३ ऑगस्ट, दुपारी १:४५

काका, तुमचा हा प्रतिसाद मुलाला मोठ्याने वाचून दाखवला. कालपासून ‘मी बरा आहे, गोळ्या बंद करतो’ चालू होतं, आज वरणभात जेवून मुकाट घेतली. डासाला जेवण तयार हे वाक्य त्याला लागलं.

रातराणी | १३ ऑगस्ट, दुपारी ४:१५

माझा प्रश्न रक्तदानाचा. आमच्या ऑफिसात १५ ऑगस्टला शिबिर असतं. मला मेमध्ये वायव्हॅक्स झाला होता. चालेल का?

जीवशास्त्र_मॅडम | १३ ऑगस्ट, दुपारी ४:५०

आपल्याकडे उपचार पूर्ण होऊन लक्षणं गेल्यावर ३ महिने थांबायचं असतं. तुझे नीट मोज आणि रक्तपेढीच्या डॉक्टरांना झालेलं सगळं सांग, लपवू नकोस.

यातली एक गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते. रक्तातून मलेरिया गेला तर तो तापाच्या अवस्थेतल्या जंतूंमुळे. नुसते गॅमेटोसाइट दुसऱ्या माणसात गेले तर त्याला मलेरिया होत नाही, ते तिथेही डासाची वाट बघत मरतील. आणि रक्तातून गेलेला वायव्हॅक्स लिव्हरमध्ये झोपत नाही, कारण लिव्हरमध्ये जाणारे जंतू फक्त डासाच्या लाळेतून येतात.

मुठाकाठ | १३ ऑगस्ट, रात्री ८:३०

लसीचं काय मग? आपल्या पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूटमध्ये मलेरियाची लस बनते ना, आर-ट्वेंटीवन.

पिंपळपान | १३ ऑगस्ट, रात्री ९:१०

हो, ऑक्सफर्डबरोबरची. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली, आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी जाते. पण ती फाल्सिपॅरमसाठी आहे आणि डासातून आलेला जंतू लिव्हरपर्यंत पोचू नये म्हणून आहे. या धाग्यातल्या विषयावर वेगळ्याच लसींचं काम चालू आहे. माणसाला लस द्यायची, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होणार, डास रक्ताबरोबर तीही पिणार आणि ती डासाच्या पोटात नर-मादी एकत्र येऊच देणार नाहीत, किंवा फलित पेशीला पुढे सरकू देणार नाहीत. मालीमध्ये माणसांवर चाचण्या झाल्यात. म्हणजे लस टोचलेल्याला स्वतःला ताप येऊ शकतो, पण त्याच्यापासून पुढे कुणाला जाणार नाही.

टेकडीवाला | १३ ऑगस्ट, रात्री ९:२६

स्वतःला उपयोग नाही आणि दंडात सुई? कोण घेईल?

अबोली | १३ ऑगस्ट, रात्री ९:४०

मी घेईन. गडचिरोलीतल्या त्या माणसांनी काकांच्या सांगण्यावरून गोळी घेतलीच की. माझ्या घरात लहान बाळ आहे, मला चावलेल्या डासाने त्याच्याकडे काही नेलं नाही तर तो मला उपयोगच आहे.

टेकडीवाला | १३ ऑगस्ट, रात्री ९:५८

अबोली, पटलं. अगदी मनापासून.

कट्टा_७ | १४ ऑगस्ट, सकाळी १०:०५

नर आणि मादी व्हायचं हे तो जंतू ठरवतो कसा? एकपेशी जीव तो.

जीवशास्त्र_मॅडम | १४ ऑगस्ट, दुपारी १२:४०

‘ठरवतो’ हा आपला शब्द, पण प्रश्न बरोबर आहे. एपी-टू-जी नावाचं एक प्रथिन आहे, त्याचं जनुक एरवी कुलूपबंद असतं. थोड्या जंतूंत ते कुलूप उघडतं आणि ते जंतू गॅमेटोसाइटच्या वाटेला लागतात, हे २०१४ मध्ये स्पष्ट झालं. नर कमी आणि माद्या जास्त असतात, कारण एका नराचे आठ होतात. सगळेच गॅमेटोसाइट झाले तर रक्तातली वंशवाढ थांबेल, एकही झाला नाही तर माणसाबरोबर सगळे संपतील.

आणि डासाच्या पोटातल्या या मीलनात दोन वेगळ्या जातकुळीचे जंतू भेटले तर त्यांच्या गुणांची सरमिसळ होते. औषधाला दाद न देणारे गुणही असे एकत्र येऊ शकतात.

मुठाकाठ | १४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०

झुळूकताई, तुमच्या लिफ्टच्या खड्ड्याचं राहिलंच. एकदा टॉर्च घेऊन जा आणि पांढऱ्या वाडग्यात पाणी काढून बघा. अळ्या पृष्ठभागाला समांतर, सपाट पडलेल्या दिसल्या तर ॲनॉफिलीस. डोकं खाली करून तिरप्या लटकलेल्या असतील तर क्युलेक्स किंवा डेंगूचा एडिस. पूर्ण वाढ झालेला डास भिंतीवर शेपूट वर करून तिरका बसतो तो ॲनॉफिलीस.

झुळूक | १७ ऑगस्ट, रात्री ९:१५

मंडळी, रविवारी सोसायटीतले चौघे जण आणि मी टॉर्च घेऊन गेलो. वाडग्यातल्या अळ्या सपाट होत्या. फोटो काकांना पाठवला, ते म्हणाले ॲनॉफिलीसच. माझ्या हाताला कापरं भरलं. मुलगा घरी आला तेव्हा त्याच्या रक्तात गॅमेटोसाइट, आणि भिंतीपलीकडे हे.

साइटवरच्या माणसांशी आधी जरा वादावादी झाली, मग तिथे राहणाऱ्या एका कामगाराच्या बायकोनेच सांगितलं की तिच्याही मुलाला चार दिवसांपासून थंडीताप आहे. तेव्हा वाद थांबला. आम्ही त्याला घेऊन तपासणीला गेलो, वायव्हॅक्स निघाला. त्याचं औषध सुरू झालंय. पालिकेच्या आरोग्य खात्याची माणसं दुसऱ्या दिवशी आली, पंप लावून खड्डा उपसला, पिंपांत अळीनाशक टाकलं, सगळ्या कामगारांच्या रक्ताच्या स्लाईड घेतल्या.

स्लाईडवाले_काका | १७ ऑगस्ट, रात्री ९:५०

ताई, फार चांगलं केलंत. ते मूल सापडलं हे सगळ्यात महत्त्वाचं. उपसलेला खड्डा पावसाने आठ दिवसांत परत भरेल आणि अंड्यापासून डास व्हायला तेवढेच दिवस पुरतात, म्हणून दर आठवड्याला एक वार ठरवून बघा. आणि त्या आईला सांगा, मुलाला मच्छरदाणीत झोपवा.

झुळूक | २८ ऑगस्ट, रात्री ८:३०

मुलाच्या प्रीमॅक्विनच्या चौदाही गोळ्या झाल्या, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे स्लाईड परत तपासली, काही दिसलं नाही. सासूबाईंना ताप नाही. साइटवरचं मूल खेळतंय, त्याच्या गोळ्या अजून चार दिवस आहेत. मच्छरदाणी एक आमची दिली, एक नवीन आणली. काका, मुलाला मुंबईला परत गेल्यावर कधी ताप आला तर?

स्लाईडवाले_काका | २९ ऑगस्ट, सकाळी ६:३५

त्याच दिवशी स्लाईड. दोन दिवस वाट बघायची नाही, आणि आधी वायव्हॅक्स झाला होता हे लॅबमध्ये आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं.